हात लावला की चालवायचं: लाकडी बुद्धिबळाच्या एका भेटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव परभणी जिल्ह्यातलं, गोदाकाठचं. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, बाकी घडलं तसं लिहितो.

1982 साली आमच्या जिल्हा परिषद शाळेत एक गुरुजी आले आणि इथलेच होऊन राहिले. शाळा सुटल्यावर लिंबाखाली पोतं अंथरून त्यावर कोळशाने पट आखायचे आणि ज्याला घरी जायची घाई नाही त्याला बसवून घ्यायचे. त्यांचा एकच नियम दगडावरची रेघ होता: हात लावला की चालवायचं. सोंगटीला बोट लागलं की तीच खेळायची, मग वजीर जावो की डाव. हात शिवशिवतात म्हणून आम्ही ते मांडीखाली दाबून बसायचो. तालुक्याच्या स्पर्धेत आमची पोरं जिंकायची ती फार हुशार होती म्हणून नव्हे. समोरचा हात लावून पस्तावायचा, आमचा पस्तावत नसे.

2024 मध्ये गुरुजींना पंच्याहत्तरावं लागणार होतं. 2023 च्या दिवाळीत गावी जमलेल्या बावीस माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी 500 रुपये काढले आणि 11,000 रुपयांत त्यांना हाताने घडवलेला लाकडी बुद्धिबळाचा संच द्यायचं ठरलं. तारीख 5 सप्टेंबर, शिक्षक दिन. जबाबदारी तिघांवर आली: पुण्यात इंजिनिअर असलेला एक (याला पुणेकर म्हणू), गावात कृषी सेवा केंद्र चालवणारा एक (दुकानदार) आणि तालुक्याला बँकेत असलेला मी.

अडचण

गुरुजींकडे अजूनही आमच्या वेळचाच प्लॅस्टिकचा संच होता. एका प्याद्याच्या जागी चिंचोका आणि एका उंटाच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण. आमच्या लेखी अडचण तेवढीच होती: जुना संच फाटका झालाय, नवा चांगला द्यायचा. खरी अडचण दुसरीच होती आणि ती कळायला आठ महिने लागले. दिवाळीत आमच्यापैकी सतरा जण गुरुजींच्या पाया पडून आले होते. ते हल्ली कसे खेळतात, हे एकानेही पाहिलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ विकत घेण्याचा. लाकडी बुद्धिबळाचं आपल्याकडचं मोठं केंद्र म्हणजे अमृतसर. तिथले शिसवी आणि बॉक्सवूडचे संच जगभर जातात आणि आमच्या पैशात एक बरा संच सहज आला असता. नाकारला तो भावनेपोटी. भावनेचे पैसे पुढे बरेच पडले.

दुसरा पर्याय दुकानदाराचा: खराखुरा हत्ती, खराखुरा उंट. मुद्दा अगदीच वेडगळ नव्हता. आपण ज्याला हत्ती म्हणतो त्याचा बाजारातल्या संचात बुरूज झालेला असतो, आणि उंटाच्या डोक्यावरची तिरपी खाच म्हणजे तिकडच्या बिशपच्या टोपीची. 1849 साली लंडनमध्ये बाजारात आलेला स्टॉन्टन घाट आज सगळीकडे चालतो, स्पर्धेतही तोच. आपली मराठी नावं मात्र जुन्या खेळाचीच राहिली. पण सोंडेचे चार हत्ती आणि मदारीचे चार उंट कोरायचे तर वर्ष गेलं असतं. शिवाय ज्या घाटावर हात बसलाय तो सोडून माणूस नवं जनावर ओळखायला बसला तर डावाचं काय?

तिसरा पर्याय घेतला: घाट स्टॉन्टनचा, लाकूड गावचं. राजाच्या डोक्यावरच्या क्रुसाऐवजी कळस, एवढाच फरक.

काळ्या सोंगट्यांचं लाकूड दुकानदाराच्या आजोबांच्या बैलगाडीने दिलं. गाडी गोठ्यामागे पंचवीस वर्षं पडून होती. चाकाचे आरे बाभळीचे, वाळून हाडासारखे झालेले, आत गडद तांबूस तपकिरी. आरा तासून साफ केला की जेमतेम 38 मिलिमीटरचा गोल निघत होता, आणि सगळ्या संचाचं माप त्यावरून ठरलं. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या शिफारशीत राजाची उंची 9.5 सेंटिमीटर आणि बैठक उंचीच्या 40 ते 50 टक्के असावी असं आहे; 38 म्हणजे बरोबर 40. प्याद्याची बैठक 28 ठेवली आणि त्याच्या दुपटीच्या जवळ जाणारं 55 मिलिमीटरचं घर धरलं. पुणेकराने हे सगळं कागदावर मांडलं तेव्हा आजोबांच्या गाडीवाल्याने मुद्दामच मापात आरे बसवले होते की काय, असं वाटलं.

पांढऱ्यांसाठी चिंच. चिंचेचं बाहेरचं लाकूड पिवळसर पांढरं असतं आणि चिवट इतकं की खाटकाचा ओंडका आणि सुताराची ठोकणी त्याचीच. उभी चिंच तोडायला परवानगी लागते, 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत ती आहे. आम्हाला वादळात मोडून पडलेली फांदी मिळाली. मनगटाएवढी जाड, सरळ. जानेवारीत तिचे वीतभर लांबीचे चोवीस तुकडे पाडून दुकानाच्या पत्र्याखाली रचून ठेवले.

पहिली चूक

एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला आणि चोवीसपैकी चौदा तुकडे तडकले. तडा प्रत्येकाचा एकाच तऱ्हेचा: मधल्या गाभ्यापासून सालीपर्यंत, उकललेल्या शेंगेसारखा.

कारण नंतर समजलं, आणि ते कोणत्याही म्हाताऱ्या सुताराला ठाऊक असतं. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, तेवढं गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसत नाही. पहिलं आकसणं दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. गाभा मधोमध ठेवून गोल तुकडा वाळवला की हा ताण कुठेतरी फुटणारच. म्हणून आधी उभं चिरायचं, गाभा काढून टाकायचा आणि दोन्ही तोंडांना मेण, रंग, नाहीतर शेणाचा जाड लेप द्यायचा, म्हणजे तोंडाकडून पाणी घाईने उडत नाही. इंचाला वर्ष हा उघड्यावर वाळवण्याचा ठोकताळा. आम्ही तीन महिने दिले होते, तेही पत्र्याखाली.

गावातले सुतारमामा तुकडे पाहायला आले. वयाने सत्तरीकडे झुकलेले, तिफणी आणि वखर करण्यात हयात गेली. एक तुकडा उचलला, तड्यात नख घातलं आणि म्हणाले, "जानेवारीत मला कामून नाही विचारलं?"

उत्तर नव्हतं. पुणेकराने मोबाईलवर दहा-बारा व्हिडिओ पाहिले होते आणि ते आम्हाला पुरेसे वाटले होते. मामांकडे ठोकण्या करायला चार वर्षांपूर्वी चिरून ठेवलेली चिंच माळ्यावर पडलेली होती. तीच वापरली. पैसे घेईनात, तेव्हा दुकानदाराने त्यांच्या शेतात एक पोतं खत टाकलं.

कातकाम आणि घोडे

गोल सोंगट्या तालुक्याच्या एका कातारीकडे कातल्या (आमच्याकडे खरादवाला म्हणतात). हा माणूस पलंगाचे पाय आणि देव्हाऱ्याचे खांब करतो. नगामागे 60 रुपये ठरले. तिसऱ्याच आऱ्यात मोडका खिळा लपलेला निघाला, हत्याराची धार गेली आणि त्याने काम थांबवलं. तेव्हापासून प्रत्येक आऱ्यावर आधी लोहचुंबक फिरवायचं ठरलं. दुकानात जुना स्पीकर होता, त्यातलं काढलं.

घोडा कातता येत नाही. बत्तीस सोंगट्यांत घोडे चारच, पण कारागिराचा सर्वांत जास्त वेळ तेच खातात. ते मामांनी पटाशीने कोरले. पहिला घोडा झाला तो बैल. आम्ही हसलो तर मामा चिडले आणि मग स्वतःच निरखून म्हणाले, "कान चुकले. बैलाचे कान आडवे, घोड्याचे उभे. माळेगावच्या यात्रेत एवढे घोडे बघितले आन् हात बैलावरच गेला बघा." दुसऱ्याला कान उभे दिले, टोकदार, अगदी माळेगावच्या घोडेबाजारातले. मी कौतुकाने बोट फिरवलं आणि कान माझ्या हातात आला. रेषा आडव्या पडल्या होत्या, एवढंसं टोक धरून ठेवायला त्यांच्यात बळ नव्हतं. मग तुकडा असा धरला की रेषा कानात उभ्या जातील, आणि कान मागे आयाळीला टेकवले. दौडताना घोडा कान मागे टाकतो तसे.

ती भेट

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुकानदार आणि मी सहज म्हणून गुरुजींकडे गेलो. खिशात नमुन्याची दोन प्यादी होती, मोह आवरला नाही तर दाखवू म्हणून. गुरुजी ओसरीवर नातवाशी खेळत होते. चहा आला, आम्ही डाव बघत बसलो.

गुरुजींचा उजवा हात पटावर फिरत होता. खेळायला नव्हे. तर्जनीचं पेर एकेका सोंगटीच्या माथ्यावर टेकत होतं, एक, दोन, तीन, मग थांबत होतं. चिंचोक्यावर थांबलं, तो ओळखला, पुढे सरकलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं आम्हाला माहीत होतं. काचबिंदूचं माहीत नव्हतं, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. समोरचं थोडं दिसत होतं, कडेचं नाही, आणि लाल-काळं प्लॅस्टिक संध्याकाळच्या उजेडात एक झालं होतं.

नातू आठवीतला. तो म्हणाला, "आजोबा, घोड्याला हात लावला."

"चाचपायलोय रे."

"मग आधी सांगायचं ना. तुम्हीच म्हणता."

गुरुजी गप्प झाले. पोराला वाईट वाटलं असावं, तो म्हणाला, राहू द्या, दुसरं खेळा. गुरुजींनी मान हलवली आणि घोडाच चालवला. सहा खेळींत डाव गेला.

प्यादी खिशातच ठेवून आम्ही परतलो. वाटेत दुकानदार एवढंच म्हणाला, "आपण आठ महिने लाकडाकडंच बघत बसलो."

निर्णयाचा क्षण

त्या रात्री तिघांचं फोनवर भांडण झालं. पुणेकराला नियम माहीत होता. दृष्टिहीन खेळाडूंसाठी वेगळा पट असतो: काळी घरं किंचित उचललेली, प्रत्येक घराला भोक, प्रत्येक सोंगटीखाली खुंटी, काळ्या सोंगट्यांवर बोटाला लागेल अशी खूण. आणि त्यांच्या नियमात, सोंगटी भोकातून बाहेर काढली तरच तिला हात लावला असं धरतात. म्हणजे हवं तेवढं चाचपा, नियम मोडत नाही. गुरुजींच्या अडचणीला याहून नेमकं उत्तर नव्हतं.

दुकानदार उसळला. "अख्ख्या गावासमोर गुरुजींना आंधळ्यांचा पट द्यायचा? त्यांनी कुणाला सांगितलंय का दिसत नाही म्हणून?" तो चूक बोलत नव्हता. ज्या माणसाने नातवाची सवलत घेतली नाही, तो ही घेईल?

मी दुकानदाराच्या बाजूने गेलो. दोनास एक.

काय केलं

मधला मार्ग काढला. पट साधाच दिसेल, पण बोटाला कळेल. काळी घरं जुन्या वाड्याच्या सागवानी दाराची, तीन मिलिमीटर उंच, पांढरी चिंचेची. उंटाची खाच चांगली रुंद केली, कारण डोळे मिटून हात फिरवल्यावर उंट आणि प्यादं यांच्यात माझीच फसगत झाली होती. हत्तीच्या माथ्याला चार ठळक खाचा, वजिराला दातेरी मुकुट, राजाला कळस. काळ्या सोंगट्यांच्या माथ्यावर पितळी खिळ्याचं बारीक डोकं. पांढऱ्या कोऱ्या.

चाचपताना सोंगटी पडू नये म्हणून तळाला वजन भरलं. प्रत्येकीच्या बुडाला खोल भोक, मध्ये दुकानातला 6 मिलिमीटरचा नट, भोवती सायकलच्या बेअरिंगचे छरे, वरून अ‍ॅराल्डाइट आणि मखमल. नट का? दुकानात डबाभर होते म्हणून. या नटांची गोष्ट पुढे येते.

पॉलिशला जवसाचं कच्चं तेल लावायचा हट्ट माझा. आषाढाच्या ओलीत ते आठवडाभर चिकटच राहिलं. पुसून काढलं आणि मामांनी स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख फिरवली.

एकूण खर्च 13,400 रुपये झाला. वरचे तिघांनी भरले.

निष्पत्ती

5 सप्टेंबरला शाळेत कार्यक्रम झाला. गुरुजींनी पेटी उघडली, घोडा उचलला, कानावरून अंगठा फिरवला. "हा माळेगावचा दिसायलाय." मामा मागच्या बाकावर होते, त्यांनी मान खाली घातली. मग गुरुजींचं बोट काळ्या राजाच्या माथ्यावर थांबलं.

"हा खिळा कशाला रे?"

"शोभेला, गुरुजी," दुकानदार म्हणाला.

गुरुजी काही बोलले नाहीत.

पुढच्या तीन-चार महिन्यांत बुद्धिबळाला गावात बरे दिवस आले. सप्टेंबरमध्येच बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकलं. नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख त्यात होते. 12 डिसेंबरला सिंगापूरला गुकेश जगज्जेता झाला. तो चौदावा डाव गुरुजींनी नव्या पटावर मांडला, नातू मोबाईलवरून खेळ्या वाचत होता. पंचावन्नाव्या खेळीत डिंग लिरेनने हत्ती एफ-2 वर आणला. गुकेशने हत्ती मारून घेतला आणि उंटांचीही मारामारी करून डाव प्याद्यांवर आणला, अठ्ठावन्नाव्या खेळीला संपवला. मधल्या खेळात गुरुजींचा पट तीनदा विस्कटला. सोंगट्या जड होत्या, पडल्या नाहीत, पण चाचपताना सरकल्या आणि तीन मिलिमीटरच्या पायरीवर अर्ध्या लटकल्या. कोणती कुठे होती हे नातवाला पुन्हा सांगावं लागलं.

जानेवारीत गुरुजींचा मला फोन आला. इकडचं तिकडचं नाही, थेट: "त्या पटाला भोकं पाडून आणा. खाली खुंट्या लावा."

मी चाचरलो. काय म्हणावं सुचेना.

"आणि त्या दुकानदाराला विचार, खिळा शोभेचा होता तर पांढऱ्यांना कामून नाही?"

पुन्हा करायचं झालं तर

मामांना जानेवारीतच विचारायला हवं होतं, हे लिहायलाही लाज वाटते. चार वर्षं वाळलेलं लाकूड तीनशे पावलांवर असताना आम्ही ओल्या फांदीवर तीन महिने घालवले. काम सोपवायचं झालं तर आधी गावात काय आहे ते बघावं, मोबाईल मग.

लाकूड निवडण्याआधी गुरुजींसमोर एक डाव बसून पाहायला हवा होता. भेट गुपित ठेवायची म्हणून आम्ही जायचं टाळलं. खरं तर गुपिताला धक्का न लावता ते जमलं असतं, त्यांच्याशी खेळायला कुणाला निमित्त लागत नव्हतं.

जुलैतल्या मताचा मी अनेकदा विचार केला. दुकानदाराला गुरुजींच्या मानाची काळजी होती, मलाही. पण ते मोठेपण आम्ही परस्पर ठरवलं. त्यांना काय चालेल हे त्यांना विचारलं नाही. सरळ विचारणं जमत नव्हतं हे मान्य. निदान नातवाला विचारता आलं असतं. नंतर कळलं की दिवाळीपासून तो स्वतःच आजोबांसाठी खुंट्यांचा पट शोधत होता.

बाकी एक गोष्ट पुन्हा तशीच करीन: घाट स्टॉन्टनचाच ठेवीन. नजर गेल्यावरही गुरुजींचं बोट जी खाच शोधत होतं ती चाळीस वर्षांच्या ओळखीची होती. कोरीव उंट दिला असता तर त्यांना पुन्हा पहिलीत बसावं लागलं असतं.

दुरुस्ती आणि आजची स्थिती

खुंट्या लावायच्या म्हणजे तळाचं वजन उकरून काढायचं, असं आम्ही धरलं होतं. कातारीने मखमल सोलून आत पाहिलं आणि म्हणाला, "नट आहे की आत. बोल्ट फिरवा." नटात अ‍ॅराल्डाइट भरलं होतं, ते ड्रिलने काढून पेच पुन्हा कापावे लागले. एकवीस सोंगट्यांना डोकं कापलेला बोल्ट सरळ बसला. अकरांमध्ये आम्ही नट घाईत बाजूला चिकटवले होते. तिथे खुंटी तिरकी आली, सोंगटी घराच्या कोपऱ्यात उभी राहायला लागली. त्या अकरांची बुडं पुन्हा उकरली. पटाला चौसष्ट भोकं मामांनी पाडली, साडेसहा मिलिमीटरची, दोन दिवस बसून. एकही चुकलं नाही.

आता गुरुजी सगळा पट दोन्ही हातांनी चाचपतात. नातू काही म्हणत नाही, पण खुंटी उपसली की लगेच "चालवा" म्हणतो, आणि गुरुजी चालवतात. पहिल्या पावसात डावीकडच्या कोपऱ्यातली फळी फुगून जराशी सरकली, तिथलं भोक आवळलं आणि पांढरा हत्ती अडकून बसला. मामा म्हणाले, आणा, कानस मारतो. गुरुजी म्हणाले, राहू दे, तो हत्ती तसाही उशिराच निघतो.